घरचा कॉम्प्युटर चालूच होत नाही? दुकानात नेण्याआधी हे तपासा

मागच्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास देवपुरातल्या आमच्या घराच्या दारावर थाप पडली. गल्लीतल्या खाला उभ्या होत्या, मागे त्यांची मुलगी. रडून रडून तिचे डोळे लाल झालेले.

"बेटा, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. उद्या पोरीच्या अकरावीच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. संध्याकाळी दुकानात नेला होता, तर तो म्हणतो मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या."

खालांच्या घरात नवीन कॉम्प्युटर म्हणजे चार-पाच महिन्यांची बचत. मी त्यांच्या घरी गेलो. बटण दाबलं, लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही. शेजारचा यूपीएस मात्र मधूनमधून 'टूं टूं' करत होता. मी सीपीयूची वायर यूपीएसमधून काढली आणि सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली. बटण दाबताच कॉम्प्युटर सुरू! मदरबोर्डला काहीच झालेलं नव्हतं, यूपीएसची बॅटरी संपली होती. फॉर्म रात्री अकराच्या आत भरून झाला.

दुकानदाराने मुद्दाम फसवलं की घाईत नीट बघितलंच नाही, हे मला माहीत नाही. पण एक गोष्ट पक्की: घरात कुणाला चार साध्या गोष्टी तपासता आल्या असत्या, तर ना त्या पोरीला रडावं लागलं असतं, ना खालांना पैशांची चिंता. म्हणून हा लेख. आपण इंजिनियर नसलात तरी चालेल. एक स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिलचं खोडरबर आणि थोडा धीर एवढंच लागतं.

तारीख उद्याचीच असेल तर

सगळ्यात आधी हे वाचा. फॉर्मची शेवटची तारीख आज-उद्या असेल तर आधी फॉर्म भरा, कॉम्प्युटर नंतर बघा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला आहे. सीईटी, शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, रेशनकार्ड, सगळंच आता ऑनलाइन आहे. यातले बरेचसे फॉर्म मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' हा पर्याय निवडून भरता येतात. नाहीतर सायबर कॅफे किंवा आपले सरकार सेवा केंद्र आहेच.

मार्कशीट बंद कॉम्प्युटरमध्ये अडकली असेल तर दहावी-बारावीची मार्कशीट डिजिलॉकरमधून मोबाइलवर काढता येते. कॅफेत काम झाल्यावर दोन गोष्टी विसरू नका. आपलं खातं लॉगआउट करा आणि तिथे उतरवलेल्या आधारकार्डाच्या, मार्कशीटच्या फाइली डिलीट करून रिसायकल बिनही रिकामी करा.

आधी आजार ओळखा

'चालू होत नाही' या तीन शब्दांमागे चार वेगवेगळे आजार असतात. डॉक्टर जसं विचारतो ताप आहे का, खोकला आहे का, तसंच इथे आहे. बटण दाबा आणि नीट बघा, ऐका:

१. लाइट नाही, पंखा नाही, आवाज नाही. म्हणजे वीज पोहोचत नाही.

२. लाइट लागते, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. म्हणजे मॉनिटर, केबल किंवा रॅमचा प्रश्न.

३. कंपनीचं नाव दिसतं, मग काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी येतं. म्हणजे हार्ड डिस्क सापडत नाही किंवा सेटिंग बदललंय.

४. विंडोजचं चिन्ह येतं, गोल गोल फिरत राहतं, निळी स्क्रीन येते किंवा पुन्हा पुन्हा बंद-चालू होतं. म्हणजे यंत्र बहुधा ठीक आहे, विंडोज बिघडलंय.

स्क्रीनवर जे काही येतं त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. पुढे कुणालाही विचारायचं झालं तर "काहीतरी इंग्रजीत येतं" असं सांगण्यापेक्षा हा फोटो दहापट उपयोगी पडतो.

पहिला आजार: काहीच होत नाही

धुळ्यात, आणि एकूणच खान्देशात, सगळ्यात जास्त केसेस याच असतात. मे महिन्यात पारा ४२-४४ च्या घरात, घरोघरी कूलर आणि एसी चालू, संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर. त्यात लाइट गेली की येताना झटका देऊन येते. तपासण्याचा क्रम असा ठेवा:

सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मोबाइल चार्ज होतोय का? नसेल तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही, सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड गेलाय. बोर्डाचा फ्यूजही बघा.

यूपीएस बाजूला काढा आणि सीपीयू सरळ भिंतीला लावा. घरगुती यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती साधारण दोन-तीन वर्षं टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण उष्णता वाढली की अशा बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. बॅटरी मेली की काही यूपीएस पुढे वीजच देत नाहीत. नवीन यूपीएस घ्यायची गरज नसते, फक्त बॅटरी बदलून मिळते.

सीपीयूची वायर आणि मॉनिटरची वायर बऱ्याच वेळा एकसारखीच असते. दोन्ही अदलाबदल करून बघा. वायर आतून तुटलेली असेल तर लगेच कळेल. कपाटामागे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी स्वतः बघितल्या आहेत.

डब्याच्या मागे, जिथे वायर लागते तिथे, एक छोटं काळं बटण असतं. ते 'रेषा' असलेल्या बाजूला दाबलेलं हवं, 'गोल' बाजूला नको. झाडू मारताना ते चुकून बंद होतं. काही जुन्या यंत्रांवर तिथेच ११५ आणि २३० लिहिलेलं लाल बटण असतं. त्याला हात लावू नका. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. ते बटण ११५ वर नेऊन चालू केलं तर आतला भाग फाटकन उडतो.

एवढं करूनही काहीच नाही, तर वायर पूर्ण काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, सोडा, दोन मिनिटं थांबा, मग वायर लावून परत चालू करा. आत साचलेली वीज निघून जाते आणि झटक्याने अडकलेलं यंत्र पुष्कळदा उठून बसतं. लॅपटॉपलाही हाच उपाय लागू आहे: चार्जर काढून तीस सेकंद बटण दाबून धरायचं, मग फक्त चार्जर लावून चालू करायचं.

तरीही मेलेलंच असेल तर बहुधा एसएमपीएस गेलाय. एसएमपीएस म्हणजे डब्याच्या आतली ती पत्र्याची पेटी, जी भिंतीतल्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे छोटे भाग करते. मेकॅनिकला तो तपासायला दोन मिनिटं लागतात: मदरबोर्डाचा मोठा प्लग काढून त्यातली हिरवी आणि काळी तार जोडतात, पंखा फिरला तर निदान पेटीत जीव आहे. दुसरा एसएमपीएस लावून बघणं हा आणखी पक्का मार्ग. म्हणून कुणी "मदरबोर्ड गेला" म्हणालं की नम्रपणे विचारा, "भाई, दुसरा एसएमपीएस लावून बघितला का?" साधा एसएमपीएस हजार-दीड हजारात येतो. मदरबोर्डाचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

एसएमपीएसची पेटी घरी अजिबात उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. तो झटका जीवावर बेतू शकतो.

अर्थिंगबद्दल दोन शब्द

"डब्याला हात लावला की मुंग्या येतात," ही तक्रार जुन्या घरांत सर्रास ऐकू येते. लोक चप्पल घालून कॉम्प्युटर चालवतात आणि विषय संपवतात. मुंग्या येणं म्हणजे घराला अर्थिंग नाही किंवा तुटलेली आहे. एसएमपीएसमधून जी थोडीशी वीज जमिनीत जायला हवी, तिला वाट न मिळाल्याने ती पत्र्यावर येते. यात यंत्राचंही नुकसान आणि माणसालाही धोका. तीन पिनच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटमध्ये बसवण्याची आपली सवय तर फारच वाईट. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. हा खर्च कॉम्प्युटरचा नाही, घराचा आहे. फ्रिज आणि वॉशिंग मशीनलाही तीच अर्थिंग लागते.

दुसरा आजार: पंखा फिरतो, स्क्रीन काळी

आधी मॉनिटर निर्दोष आहे का ते बघा. मॉनिटर चालू ठेवून त्याची सीपीयूकडे जाणारी केबल काढा. 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' असं काही दिसलं तर मॉनिटर जिवंत आहे. काहीच दिसत नसेल तर मॉनिटर किंवा त्याची वायर संशयित.

मॉनिटर ठीक असेल तर केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट बसवा. निळ्या तोंडाच्या जुन्या केबलीत एखादी पिन वाकलेली असते, ती बघा. डब्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लागायला हवी, वरच्या मदरबोर्डाच्या जागेला नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर पुढचा संशय रॅमवर. चालू करताच डब्यातून लांब-लांब 'बीप… बीप…' येत असेल तर बहुधा रॅमच. (प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते, आणि काही डब्यांत तो छोटा स्पीकरच नसतो. म्हणून बीप नाही म्हणजे रॅम ठीक, असं समजू नका.)

रॅम साफ करणं अवघड नाही:

वायर पूर्ण काढा. पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. डब्याचा बाजूचा पत्रा काढा. आतल्या कशालाही हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मदरबोर्डावर उभी बसवलेली, पट्टीसारखी लांब वस्तू म्हणजे रॅम. तिच्या टोकाची क्लिप बाहेर दाबा, रॅम वर येईल. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलचं स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. भुगा कोरड्या ब्रशने झटका. खाचेशी खाच जुळवून रॅम परत दाबा, 'टक' असा आवाज यायला हवा. उलटी बसवायचा प्रयत्न केला तर बसतच नाही, म्हणून जोर करू नका.

दोन रॅम असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी. एक लावल्यावर चालतो आणि दुसरी लावल्यावर बंद पडतो, म्हणजे चोर सापडला.

पत्रा उघडलाच आहे तर धूळही काढा. आपल्याकडे धूळ कमी नाही, आणि ज्यांच्या घरात किंवा शेजारी पॉवरलूम आहे त्यांच्या डब्यात सुताचा कापूस थराने बसतो. पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालच्या अल्युमिनियमच्या जाळीत तो अडकला की प्रोसेसर तापतो. तापला की कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. "चालू होतो आणि पाच मिनिटांत बंद पडतो" अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. कोरडा मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, तो भिंगरीसारखा फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको.

तिसरा आजार: काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा तशाच अर्थाचं वाक्य आलं तर आधी सगळे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, मोबाइलची केबल काढा. फक्त कीबोर्ड, माऊस, मॉनिटर ठेवा. बऱ्याच वेळा कॉम्प्युटर बिचारा त्या पेन ड्राइव्हमध्ये विंडोज शोधत बसलेला असतो.

तरी तेच आलं तर घड्याळ बघा. तारीख २०१२ किंवा २०१५ अशी जुनी दाखवतोय का? दर वेळी 'एफ १ दाबा' म्हणतोय का? मग मदरबोर्डावरचा रुपयाच्या नाण्यासारखा छोटा सेल संपलाय. त्याचं नाव सीआर २०३२, ३ व्होल्टचा. पाचकंदीलला किंवा आग्रा रोडवर कुठल्याही घड्याळाच्या दुकानात तीस-पन्नास रुपयांत मिळतो. हा सेल संपला की कॉम्प्युटर आपली सेटिंग विसरतो, हार्ड डिस्क कोणती तेही कधीकधी विसरतो. तारीख चुकली की नंतर बँकेची आणि सरकारी वेबसाइटही 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात आणि दोष असतो या नाण्याएवढ्या सेलचा. सेल बदलल्यावर तारीख आणि वेळ एकदा नीट भरून घ्या.

यानंतर हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली, डाटाची पातळ आणि विजेची चपटी, काढून परत बसवा.

आणि आता कान देऊन ऐका. हार्ड डिस्कमधून 'कट… कट… कट' असा आवाज येतोय का? येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतली सुई तबकडीवर नीट चालत नाहीये, आणि प्रत्येक प्रयत्नात तुमचे फोटो आणि कागदपत्रं खरवडली जाऊ शकतात. अशी डिस्क डाटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्यायची.

चौथा आजार: विंडोज अडकतं

स्क्रीनवर अपडेटचे टक्के दिसत असतील तर धीर धरा. जुन्या यंत्रावर दोन-तीन तासही लागतात. मध्ये बंद केलं की खरा बिघाड तेव्हा होतो.

टक्के नाहीत, नुसतं गोल फिरतंय आणि तास उलटून गेला, तर हे करा. पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, चालू करा, गोल फिरायला लागलं की परत बंद. असं दोन-तीन वेळा केल्यावर विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीची निळी स्क्रीन आणतं. (डिस्क कटकट करत असेल तर हा उपाय नको.) तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असं जा आणि या क्रमाने चला:

'स्टार्टअप रिपेअर' आधी. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स', कारण अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर दोष तिथेच असतो. मग 'सिस्टिम रिस्टोअर', म्हणजे आठ-दहा दिवस मागच्या चांगल्या अवस्थेत परत जाणं. यात आपले फोटो आणि फाइली जात नाहीत. तिथूनच 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जाऊन रीस्टार्ट केल्यावर ४ दाबलं की सेफ मोड सुरू होतो. सेफ मोडमध्ये उघडला तर नुकताच टाकलेला प्रोग्राम काढून टाका.

नव्या लॅपटॉपवर कधीकधी 'बिटलॉकर रिकव्हरी की' म्हणजे ४८ अंकी आकडा मागितला जातो. घाबरू नका, हा व्हायरस नाही. लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं होतं, त्यात मोबाइलवरून लॉगिन केल्यास तो आकडा बहुधा तिथे मिळतो. आज लॅपटॉप ठीक असेल तर आजच तो आकडा कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आणखी एक गैरसमज. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नवीन सुरक्षा अपडेट मिळणं थांबतं, हे खरं आहे आणि त्यावर विचार करायला हवा. पण म्हणून कॉम्प्युटर चालू व्हायचा थांबत नाही. "विंडोज १० बंद झालं, म्हणून तुमचा बंद पडला" असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

'फॉरमॅट' म्हणण्याआधी

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका भाईंचा कॉम्प्युटर असाच विंडोजवर अडकला होता. मी घाईत होतो. म्हटलं, "फॉरमॅट मारून टाकू, तासाभरात नवा होईल. तुमचं सामान डी ड्राइव्हमध्येच असेल ना?" ते म्हणाले, "असेल." फॉरमॅट केलं, नवीन विंडोज टाकलं, कॉम्प्युटर पळायला लागला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या मरहूम वडिलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती, घरातल्या जुन्या गोष्टी सांगितलेली. ती फाइल डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी विचारलं नाही. फाइल मिळाली नाही. ते भाई मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. "जाऊ द्या सर, नसीब," एवढंच म्हणाले. पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

म्हणून ठामपणे सांगतो: डाटा बाहेर काढल्याशिवाय फॉरमॅट नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतात. विंडोज उघडत नसलं तरी डाटा काढण्याचे दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला: हार्ड डिस्क काढून साटा-टू-यूएसबी अ‍ॅडॉप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची आणि फाइली कॉपी करायच्या. कॉम्प्युटरची मोठी डिस्क असेल तर वेगळ्या विजेचा अ‍ॅडॉप्टर असलेलं यंत्र लागतं, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला नुसती यूएसबी पुरते.

दुसरा: मित्राच्या कॉम्प्युटरवर आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हमध्ये उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकायचं. दोन्ही मोफत आहेत, आणि 'रुफस' नावाच्या मोफत प्रोग्रामने ते पेन ड्राइव्हवर बसतं. बिघडलेल्या यंत्राला तो लावून चालू करताना एफ १२ (काही कंपन्यांत एफ ९, एफ ११ किंवा एस्केप) दाबायचं आणि पेन ड्राइव्ह निवडायचा. 'ट्राय' म्हणजे नुसतं चालवून बघणं निवडा, 'इन्स्टॉल' नको. तुमची डिस्क तिथे दिसेल, फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

विंडोजच्याच 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' असा पर्याय असतो. तो फाइली ठेवतो, पण टॅली, श्रीलिपी, इनपेज असे टाकलेले प्रोग्राम काढून टाकतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळं साफ.

चुकून फॉरमॅट झालंच असेल तर त्या डिस्कवर काहीही नवीन टाकू नका, कॉम्प्युटर बंद करा. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली गोष्ट, वर नवीन लिहिलं जाईपर्यंत, पुष्कळदा परत मिळते. एसएसडीवर ती आशा फार कमी.

दुकानात न्यायची वेळ आली तर

आपल्याकडे प्रामाणिक कारागीर खूप आहेत. त्यांच्याशीही व्यवहार मात्र चोख ठेवा.

बिघाड विजेचा, रॅमचा किंवा मॉनिटरचा असेल तर हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा. त्या दुरुस्तीला तिची गरज नसते. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, बँकेचे कागद अनोळखी हातात का द्यायचे? रॅम किती जीबी, डिस्क किती जीबी हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. खर्च आधी विचारा, आणि "फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवरच लिहून घ्या.

आणि गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका. त्यात कित्येक नंबर ठगांचे असतात. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं स्क्रीनवर झळकलं तर तेही खोटंच समजा. समोरचा माणूस मोबाइलमध्ये कसलंसं अ‍ॅप टाकायला सांगून नऊ-दहा आकडी कोड मागत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

बंद पडूच नये म्हणून

डब्यावर क्रोशाचा रुमाल किंवा कव्हर टाकायची आपल्या घरांत हौस असते. बंद असताना टाका, चालू असताना काढा, नाहीतर गरम हवा निघणार कुठून? डबा जमिनीवर न ठेवता चार इंच उंच ठेवा. सहा महिन्यांतून एकदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, धूळ काढा. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि इंटरनेटची तारेची केबल दोन्ही काढा. लॅपटॉपची बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला असेल तर दाबू नका, चार्ज करू नका, टोचू तर नकाच. ती आग पकडू शकते.

आणि जे फोटो, जे आवाज, जे कागद परत मिळणार नाहीत, त्यांच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरमध्ये, एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवर किंवा नातेवाइकाकडे. यंत्र नवीन मिळतं. वडिलांचा आवाज नवीन मिळत नाही.

खालांच्या मुलीला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. त्या रात्री मी वायर काढली तेव्हा ती शेजारी उभी राहून सगळं बघत होती. मागच्या महिन्यात गल्लीतल्या दुसऱ्या एका घरचा कॉम्प्युटर बंद पडला. मी गावाला गेलो होतो, म्हणून त्यांनी तिला बोलावलं. परत आल्यावर तिने मला रस्त्यातच थांबवून सांगितलं, "सर, रॅम होती. खोडरबर मारलं, झालं चालू."